स्वतःच्या अंत्यसंस्काराची आगाऊ तरतूद

स्वतःच्या अंत्यसंस्काराची तयारी जिवंतपणी करून ठेवायची म्हटले की दोन निरनिराळी कामे समोर येतात. पहिले ठरवण्याचे: दहन, दफन की देहदान, कोणत्या विधीने, कुठे आणि कोणाच्या हातून. दुसरे पैशाचे: त्याचा खर्च कोणी उचलायचा आणि ती रक्कम कुठे ठेवायची. पहिल्या कामाला एक कागद आणि घरच्यांशी मोकळेपणाने झालेले बोलणे पुरते. दुसरे काम मात्र अवघड आहे, कारण इथे माल हाती येतो तेव्हा गिऱ्हाईक हयात नसते. ठरलेली गाडी आली नाही, कबूल केले त्यापेक्षा हलके सामान दिले किंवा कंपनीच मधल्या काळात बुडाली, तर ज्याने पैसे भरले तो तक्रार करायला उरलेला नसतो. जे उरतात त्यांना करारात काय होते हे बहुधा माहीत नसते, आणि त्या दिवशी भांडण्याचे त्राणही नसते.

त्यात पैसे भरण्यापासून सेवा मिळेपर्यंतचा काळ आठ दिवसांचा की तीस वर्षांचा, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे या व्यवहाराचा विचार करताना सारखा एकच प्रश्न आडवा येतो. मधल्या काळात तो पैसा कोणाच्या हाती असतो आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतो? रोमन काळापासून आजपर्यंत लोकांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली. त्यांपैकी काही टिकली, काही लाखो गरिबांच्या पैशासकट बुडाली.

लानुविउमची मंडळी

रोमच्या आग्नेयेला, दिवसभर चालण्याच्या अंतरावर, लानुविउम नावाचे छोटे गाव होते. तिथे इ. स. १३६ मध्ये एका मंडळाने आपले नियम दगडावर कोरून ठेवले. ते मंडळ डायाना देवी आणि देव मानला गेलेला तरुण अँटिनोअस यांच्या उपासनेचे होते. सभासद साधी माणसे होती, त्यांत गुलामही होते. उपासना आणि मेजवान्या यांच्या जोडीला सभासदाच्या अंत्यविधीचा खर्च उचलणे हे मंडळाचे मुख्य काम होते.

नियम वाचताना आजच्या एखाद्या पतसंस्थेची पोटनियमावली हाती धरल्यासारखे वाटते. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि सोबत चांगल्या दारूचा एक रांजण. दरमहा वर्गणी ५ आस, म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासद वारला की मंडळाने ३०० सेस्टर्स द्यायचे, त्यांतले ५० चितेपाशी हजर राहणाऱ्या सभासदांना वाटायचे. गावापासून वीस मैलांपलीकडे मृत्यू आला आणि निरोप पोचला, तर तिघांना तिकडे पाठवायचे, प्रत्येकाला वाटखर्चाला २० सेस्टर्स द्यायचे आणि त्यांनी परत येऊन पै-पैचा हिशेब सांगायचा. गुलाम सभासद मेला आणि धन्याने आकसाने देह देण्याचे नाकारले, तर त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करायचा. आत्महत्या केलेल्याला काही मिळणार नाही. सहा महिने वर्गणी थकली तर मृत्युपत्र करून ठेवले असले तरी हक्क संपला.

आकडेमोड केली तर प्रवेश फी धरून ३०० सेस्टर्स भरायला सभासदाला तेरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागे. लवकर जाणाऱ्याचा खर्च उशिरा जाणाऱ्याने उचलायचा, असे ते गणित होते. दगडावर आरंभीच नव्या सभासदाला बजावले आहे की आधी नियम नीट वाचून मग आत यावे, म्हणजे पुढे कुरकुर करायला किंवा वारसाच्या गळ्यात खटला बांधायला जागा राहणार नाही. जवळजवळ १,९०० वर्षांनंतरही या विषयावर कोणाला याहून शहाणा सल्ला देता येणार नाही. वीस मैलांची अट आणि प्रतिमेचा नियम तर सांगतात की या मंडळींनी प्रत्येक सभासदाच्या मरणाचा विचार किती बारकाईने केला होता. पैसा सभासदांच्याच हाती होता, आणि ज्यांनी भरला तेच एकमेकांच्या चितेपाशी उभे राहून तो कसा खर्च होतो ते पाहत होते.

पेनी-पेनीचा विमा

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हीच गरज फार मोठ्या प्रमाणावर पुढे आली, आणि तिच्यामागे भीती होती. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने दरिद्रालयांत मरणाऱ्या, कोणी दावा न सांगितलेल्या माणसांचे देह विच्छेदनासाठी वैद्यकीय शाळांना देण्याची मुभा दिली. त्याआधी फाशी गेलेल्या खुन्याच्या देहाचे विच्छेदन करणे हा शिक्षेचाच भाग होता. खुन्याला मिळणारी शिक्षा आता गरिबीला मिळू लागली, असेच कष्टकऱ्यांनी मानले. ज्यांना नातेवाईक होते त्यांनाही सरकारी खर्चाने सामाईक खड्ड्यात पुरले जाण्याच्या लाजेची आयुष्यभर धास्ती असे. घरात भाकरी नसली तरी मरणाचे पैसे भरायचे, ही सवय या भीतीतून रुजली.

ठिकठिकाणी दफन मंडळे निघाली. बऱ्याच मंडळांच्या बैठका पबमध्ये भरत. पेटी पबच्या मालकाकडे असे, आणि काही मंडळे तर अंत्यविधीचे सामान विकणाऱ्यानेच काढलेली असत. म्हणजे पैसा सांभाळणाऱ्याला तो खर्च होण्यातच फायदा होता. त्याहून खोल दोष रचनेत होता. तरुण आणि म्हातारा सारखीच वर्गणी भरी. मंडळ नवे असताना सभासद तरुण, मृत्यू थोडे, पेटी भरलेली. वीस-पंचवीस वर्षांत सगळे एकदम वयस्क होत, मृत्यू वाढत, आणि नवे तरुण अशा मंडळात यायला राजी नसत. शेवटी पेटी रिकामी होई ती नेमकी सर्वाधिक वर्षे वर्गणी भरलेल्या म्हाताऱ्यांच्या वेळी.

ही पोकळी व्यापारी विमा कंपन्यांनी भरली. १८४८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्रुडेन्शियलने १८५४ पासून कामगारांसाठी आठवड्याला पेनी-पेनी हप्त्याचा विमा सुरू केला. एजंट दर आठवड्याला दारावर येई. वयानुसार हिशेब करणारे गणिती कंपनीकडे असल्याने ती जुन्या मंडळांसारखी कोसळली नाही. पण दारोदार फिरून पेनी गोळा करण्याचा खर्च मोठा होता, आणि कामधंदा सुटल्यावर हप्ते थांबले की भरलेले पैसे बुडत. लहान मुलांच्या नावावर विमा काढून त्यांच्या मरणाची वाट पाहिली जाते, असा संशयही समाजात वारंवार उठला. म्हणून १८७५ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मुलासाठी ६ पौंड आणि दहा वर्षांखालील मुलासाठी १० पौंड अशी कमाल मर्यादा घातली.

या संशयाला सगळ्यात चांगले उत्तर १९१३ मध्ये मॉड पेंबर रीव्हज यांच्या पुस्तकाने दिले. लंडनच्या लँबेथ भागात आठवड्याला साधारण एका पौंडावर संसार करणाऱ्या कुटुंबांचा खर्च त्यात बायकांच्या हिशेबाच्या वह्यांवरून मांडला आहे. भाड्यापाठोपाठ तिथे दफनविम्याची नोंद येते, मुलामागे आठवड्याला एक पेनी. सुखवस्तू सुधारकांना ही उधळपट्टी वाटे, त्या पेनीचे दूध घ्यावे असे ते म्हणत. पण ज्या घरांत मूल दगावणे नेहमीचेच होते तिथे आईने केलेला हिशेब बरोबरच होता. विमा नसेल तर मूल गेल्यावर कर्ज काढावे लागे, आणि ते फेडताना उरलेल्या मुलांचे जेवण तुटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्य उभे राहिले आणि १९४९ पासून सामाजिक विम्यातून २० पौंडांचे मृत्यू अनुदान मिळू लागले. महागाईने ती रक्कम पार नगण्य झाली, तिच्यात पुरेशी वाढ झाली नाही, आणि १९८७ मध्ये अनुदानच बंद झाले. अंत्यविधीचा भार पुन्हा घरावर आला. आगाऊ योजना विकणाऱ्यांना बाजार खुला झाला तो यानंतर.

अमेरिकेतला धंदा आणि त्याचे घोटाळे

अमेरिकेत आगाऊ विक्रीला मोठे रूप दिले ते दफनभूमीच्या व्यवसायाने. कॅलिफोर्नियात ग्लेनडेल येथील फॉरेस्ट लॉन या दफनभूमीसाठी ह्यूबर्ट ईटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गरज पडण्याआधीच जागा विकायला सुरुवात केली. दुःखात असलेल्या कुटुंबाची वाट पाहण्यापेक्षा धडधाकट जोडप्याला गाठणे धंद्याला सोयीचे होते. पुढे जागेबरोबर शवपेटी, गाडी आणि समारंभ असे सगळेच आगाऊ विकले जाऊ लागले. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड यांनी 'दि अमेरिकन वे ऑफ डेथ' या पुस्तकातून दुःखाच्या क्षणी भरमसाट बिले कशी लावली जातात ते उघड केले. त्यावर मोठे वादळ उठले आणि १९८४ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम लागू झाला. विचारणाऱ्याला प्रत्येक सेवेचा वेगळा दर लिहिलेले पत्रक देणे व्यावसायिकाला बंधनकारक झाले. आगाऊ नियोजन करणाऱ्यालाही ते मागता येते.

अमेरिकेत लोक आगाऊ पैसे भरतात याला एक खास कारण आहे. वृद्धाश्रमाचा खर्च सरकारी मेडिकेड योजनेतून मिळवायचा तर आधी स्वतःची शिल्लक जवळजवळ संपवावी लागते. अंत्यविधीसाठी परत न घेता येण्याच्या बोलीवर बांधलेली रक्कम मात्र त्या मोजणीतून वगळता येते. म्हणून शिल्लक संपण्यापूर्वी निदान आपले शेवटचे कार्य तरी आपल्या पैशातून व्हावे, अशी सोय म्हातारी माणसे करून ठेवतात.

पैसा कुठे ठेवायचा हा प्रश्न तिथे प्रत्येक राज्याने आपापल्या परीने सोडवला. न्यूयॉर्क राज्यात गिऱ्हाइकाने दिलेली सगळी रक्कम विश्वस्त खात्यात ठेवावी लागते. मिसुरीत २००९ पर्यंतच्या कायद्याने विक्रेत्याला २० टक्के स्वतःकडे ठेवायची मुभा होती. त्याच मिसुरीत, सेंट लुइस परिसरात, नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस ही कंपनी होती. गिऱ्हाईक पैसे गावातल्या ओळखीच्या अंत्यविधी व्यावसायिकाकडे भरी आणि तो ते या कंपनीकडे पाठवी. कंपनी त्यातून आपल्याच भगिनी कंपनीचे विमे काढी. मग त्याच विम्यांवर कर्जे उचलली गेली, आयुष्यभराचे विमे बदलून ठरावीक मुदतीचे स्वस्त विमे केले गेले, आणि आजचे अंत्यविधी उद्याच्या गिऱ्हाइकांच्या पैशातून होऊ लागले. २००८ मध्ये सगळा डोलारा कोसळला. सोळाहून अधिक राज्यांतल्या सुमारे ९७,००० गिऱ्हाइकांना त्याची झळ बसली, आणि नुकसान ४५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. कंपनीच्या प्रमुखाला २०१३ मध्ये साडेनऊ वर्षांच्या आसपास कैद झाली. नुकसानीचा मोठा वाटा विमा हमी निधींनी आणि गावोगावच्या व्यावसायिकांनी सोसला, कारण ठरल्या पैशात काम करून देण्याचा शब्द गिऱ्हाइकाला त्यांनी दिलेला होता.

ब्रिटनमध्येही असेच घडले. तिथे २००२ पासून योजनेचा पैसा विश्वस्त निधीत किंवा आजीवन विम्यात ठेवला की कंपनीला वित्तीय नियंत्रकाच्या कक्षेबाहेर राहता येई. कागदावर ही अट भक्कम दिसते. पण विश्वस्तांनी तो पैसा कशात गुंतवावा यावर पुरेसा लगाम नव्हता. मार्च २०२२ मध्ये सेफ हँड्स ही कंपनी दिवाळखोरीत निघाली तेव्हा तिच्या सुमारे ४६,००० योजना अधांतरी लोंबकळल्या, आणि निधी जोखमीच्या, चटकन मोडता न येणाऱ्या गुंतवणुकीत अडकल्याचे दिसले. २९ जुलै २०२२ पासून हा सगळा व्यवसाय वित्तीय आचार प्राधिकरणाच्या अखत्यारीत आला. आपणहून फोन करून योजना विकायला आणि मध्यस्थांना दलाली द्यायला बंदी झाली. पहिल्या दोन वर्षांत मृत्यू झाला तर अंत्यविधी करून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी असा नियम झाला, आणि कंपनी बुडाल्यास भरपाई निधीचे संरक्षण मिळाले. हे सारे आधीच व्हायला हवे होते, कारण धोका लानुविउमपासून माहीत होता.

योकोसुकाची चिठ्ठी

जपानची वाट निराळी आहे. युद्धाने होरपळलेल्या देशात लग्नाला लागणारा पोशाख आणि अंत्यविधीला लागणारी वेदी प्रत्येक घराला परवडणे शक्य नव्हते. १९४८ मध्ये योकोसुका या बंदराच्या शहरात पहिली गोजोकाई निघाली. सभासदांनी दरमहा थोडी वर्गणी भरायची आणि सामाईक सामान पाळीपाळीने वापरायचे. पुढे हीच व्यवस्था देशभर पसरून मोठ्या व्यावसायिक कंपन्या झाल्या. आज जपानमध्ये गोजोकाईचे दोन कोटींहून अधिक करार आहेत. कायद्याने कंपनीला सभासदांच्या जमा रकमेचा अर्धा भाग सुरक्षित ठेवावा लागतो. म्हणजे उरलेला अर्धा भाग कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून असतो. भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही, करार मोडला तर कपात होते. जेवण, पाहुण्यांना द्यायच्या परतभेटी आणि भिक्षूंची दक्षिणा बहुधा करारात नसते, त्यामुळे सगळे पैसे भरून झाले अशा समजुतीत असलेल्या कुटुंबाच्या हाती शेवटी वेगळे बिल पडते.

२००९ च्या सुमारास 'शुकान असाही' या साप्ताहिकाने शेवटच्या तयारीविषयी एक लेखमाला छापली, आणि या तयारीसाठीचा शूकात्सू हा शब्द घरोघरी गेला. वृद्ध माणसे वही घेऊन लिहू लागली: बँक खाती कोणती, कोणाला कळवायचे, फोटो कोणता लावायचा, कुत्रा कोणाकडे द्यायचा. या वहीला कायद्याचे बळ नाही, पण तिच्यामुळे घरच्यांशी बोलणे सुरू होते.

घरचे कोणीच नसेल तर काय होते, हे पुन्हा योकोसुकातच दिसले. २०१५ च्या आरंभी तिथे एकटा राहणारा ७९ वर्षांचा एक गृहस्थ वारला. देह घ्यायला कोणी आले नाही आणि नगरपालिकेने सरकारी खर्चाने दहन केले. नंतर घरात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. आपल्याजवळ दीड लाख येनच आहेत, आपल्याला न्यायला कोणी नाही, तेवढ्यात दहन करून बेवारसांच्या जागी ठेवावे, अशी त्यात विनवणी होती. पैसे खात्यात खरोखरच होते. पण ते आता वारसांच्या मालकीचे ठरत असल्याने पालिकेला काढता आले नाहीत, आणि चिठ्ठी दहनानंतर मिळाल्याने तिचा उपयोगही झाला नाही. त्या माणसाने ठरवण्याचे काम केले होते, पैशाचे केले होते. त्या दोन्हींविषयी कोणाला माहिती नव्हती आणि कोणाला अधिकारही नव्हता, एवढेच राहून गेले होते.

त्याच वर्षी योकोसुका पालिकेने जवळचे नातेवाईक नसलेल्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या वृद्धांसाठी योजना सुरू केली. वृद्धाने हयातीतच अंत्यविधी व्यावसायिकाशी करार करून दोन-अडीच लाख येन भरायचे. पालिका कराराची साक्षीदार राहते, अधूनमधून विचारपूस करते, आणि मृत्यूनंतर ठरल्याप्रमाणे झाले की नाही ते पाहते. २०१८ पासून तिथे कोणाही रहिवाशाला मृत्युपत्र, वही किंवा थडगे कुठे आहे याची नोंद पालिकेकडे करून ठेवता येते. मेलेल्या गिऱ्हाइकाच्या वतीने बघणारा तिसरा कोणी तरी हवा, या गोष्टीला आजवर मिळालेले हे सर्वांत सरळ उत्तर म्हणावे लागेल.

इथिओपियात हेच काम शेजारी करतात. तिथल्या इद्दिर नावाच्या मंडळांत दरमहा वर्गणी असते, पण मंडळाची खरी मिळकत म्हणजे तंबू, बाके आणि मोठी पातेली. मयत झाली की तंबू दारात उभा राहतो आणि सभासदांना येऊन बसावेच लागते. गैरहजर राहणाऱ्याला दंड होतो.

महाराष्ट्रातली स्थिती

महाराष्ट्रात आगाऊ पैसे भरण्याची पद्धत रुजली नाही, कारण तशी गरज फारशी पडली नाही. खेड्यात मयत झाली की भावकी जमते. कोणी सरणाची लाकडे आणतो, कोणी गोवऱ्या, कोणी बांबू तोडून तिरडी बांधायला बसतो, आणि सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठले-भाकरी येते. हे देणे प्रत्येक घर कधी ना कधी फेडते, त्यामुळे पेटीत पैसा साठवावा लागत नाही. गिरणगावात आलेल्या कोकणी कामगारांनी हीच रीत आपल्या गावकऱ्यांच्या मंडळांतून मुंबईत आणली. वर्गणीतून आजारपण भागे आणि मयतही. शहरांत दहनाची सोय महापालिकांची असते आणि ती मोफत किंवा नाममात्र दरात मिळते, त्यामुळे अमेरिकेसारखा मोठा खर्च मुळात उभाच राहत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराच्या अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, आणि साधे दहन तेवढ्यात होऊ शकते.

धर्मशास्त्रात स्वतःसाठी जिवंतपणी विधी करण्याची वाट आहे. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध आधी उरकतो. ज्याला मागे कोणी करणारे नाही त्याच्यासाठी जीवच्छ्राद्धाचा विधी सांगितला आहे. म्हणजे एकट्या माणसाची काळजी परंपरेलाही होती, पण तिचे उत्तर पारलौकिक होते. देह उचलायला चार खांदेकरी कुठून येणार, याची व्यवस्था ती गावावर सोडून देई.

आज ही व्यवस्था पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ढासळू लागली आहे. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी मेलबर्नला, आणि इकडे ऐंशीच्या घरातले आई-वडील एकटे. मृत्यू झाला की देह शीतपेटीत ठेवून विमानाची वाट पाहायची. डॉक्टरचा दाखला, शववाहिका, स्मशानभूमीचा पास, मर्तिकाचे सामान, गुरुजी, अस्थिविसर्जन, दहावा, तेरावा: हे सगळे शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थाने फोनवरून जमवायचे. याच गरजेवर नवे व्यवसाय उभे राहत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात मुंबईच्या सुखांत या कंपनीने सजवलेल्या तिरडीसह दालन मांडले आणि त्याचे छायाचित्र देशभर फिरले. तिची आगाऊ नोंदणी ३७,५०० रुपयांची होती. अनेकांनी चेष्टा केली. पण ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांच्यासाठी ही सेवा खरोखर उपयोगाची आहे, आणि तिची टिंगल करण्यापेक्षा ती सुरक्षित कशी होईल हे पाहणे महत्त्वाचे आहे.

भारतात आगाऊ अंत्यविधी योजनांसाठी वेगळा कायदा नाही. विश्वस्त खात्याची सक्ती नाही, भरपाई निधी नाही. म्हणून इथे पैसे भरणाऱ्याला काही गोष्टी स्वतःच विचाराव्या लागतात. भरलेली रक्कम कोणत्या खात्यात, कोणाच्या सहीने राहते? मन बदलले तर किती परत मिळेल? पुण्यात नोंदणी केली आणि मृत्यू नागपुरात मुलीकडे झाला तर काय? तेराव्यापर्यंतचे कार्य त्यात आहे की फक्त दहन? आणि सर्वांत मोठा प्रश्न दराचा: भरलेल्या पैशात काम पूर्ण होईल असा शब्द आहे, की भरलेली रक्कम फक्त त्या दिवशीच्या बिलातून वजा होणार आहे? खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला तर आज ४०,००० रुपयांत होणारे काम बारा वर्षांनी ८०,००० चे आणि चोवीस वर्षांनी १,६०,००० चे होते. दराची हमी देणारी कंपनी ही वाढ स्वतः अंगावर घेते. ती कशातून भागवणार हे तिला सांगता येत नसेल तर ती हमी नुसत्या शब्दांची आहे. हमी नसेल तर तो पैसा बँकेत ठेवणेच बरे, निदान त्यावर व्याज तरी मिळते.

बँकेत ठेवण्यातही एक खाच आहे. एकट्याच्या नावावरचे खाते मृत्यूनंतर थांबते आणि वारसनोंद असली तरी मृत्यूचा दाखला मिळून कागद पुरे होईपर्यंत पैसे हाती येत नाहीत. दहन मात्र त्याच दिवशी असते. म्हणून अंत्यविधीपुरती रक्कम विश्वासू माणसासह संयुक्त बचत खात्यात, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेल्याने व्यवहार करावा अशा सूचनेवर ठेवणे सोयीचे ठरते. पदरचे पैसे घालून ज्याने कार्य केले त्याच्यासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ३२० आधार आहे. मृताच्या ऐपतीला साजेसा वाजवी अंत्यविधी खर्च त्याच्या मालमत्तेतून बाकी सगळ्या कर्जांआधी द्यायचा, असे ते सांगते.

इच्छा कुठे लिहायची हेही ठरवावे लागते. मृत्युपत्र ही त्यासाठी चुकीची जागा आहे, कारण ते बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडले जाते. दिवस घालू नका, भटजी नको, विद्युतदाहिनीत न्या, असे त्यात लिहिलेले असेल तर वाचणाऱ्यांना नुसती हळहळ वाटते. हा कागद वेगळा असावा, एका पानाचा, आणि ज्यांना फोन जाणार आहे त्या दोघा-तिघांकडे त्याची प्रत असावी. धार्मिक विधीविषयी मुलांचे मत वेगळे असेल तर ते हयातीतच ऐकून घ्यावे. मृत देह ही कोणाची मालमत्ता नसते, या जुन्या कायदेशीर तत्त्वामुळे मागे राहिलेल्यांना त्या इच्छेप्रमाणे वागायला भाग पाडणे जवळजवळ अशक्य असते.

देहदानाच्या बाबतीत हे सर्वाधिक जाणवते. महाराष्ट्रात डोंबिवलीच्या दधीचि देहदान मंडळासारख्या संस्थांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी अर्ज भरून घेण्याची सोय केली आहे. पण अर्ज म्हणजे इच्छेची नोंद. प्रत्यक्ष देह सोपवतात ते नातेवाईक, आणि त्यांच्यापैकी एकानेही त्या दिवशी हट्ट धरला तर अर्ज फाइलमध्येच राहतो. नेत्रदान करायचे तर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात, त्यामुळे नेत्रपेढीचा क्रमांक त्याच पानावर हवा. शवविच्छेदन झालेला, काही संसर्गजन्य रोगांनी ग्रासलेला किंवा फार उशिरा आणलेला देह महाविद्यालय नाकारू शकते. तसे झाले तर कोणत्या स्मशानभूमीत न्यायचे, कोणी न्यायचे आणि खर्च कोणत्या खात्यातून करायचा, हे देहदानाचा अर्ज भरणाऱ्यानेही त्याच कागदावर खाली लिहून ठेवावे.